बुरोंडीहून एक प्रश्न

पडद्याच्या डाव्या बाजूला गावांची नावं एकाखाली एक उमटत होती. सातवं नाव उमटायला लागलं तेव्हा हरीमिस्त्रीने पहिलं अक्षर बी वाचलं आणि त्याला वाटलं, बाणकोट असेल. इंग्रजी अक्षरं तो इंजिनांच्या पितळी पाट्यांवरून शिकलेला, त्यामुळे सुटी सुटी ओळखायचा आणि मग मनात जोडायचा. बी, यू, आर. एवढं जोडून झालं आणि पुढचं वाचायची गरज उरली नाही. बोटीच्या पंपातला रबरी पंखा हातात होता, तो त्याने टेबलावर ठेवला, परत उचलला, परत ठेवला. समोर कॅमेऱ्याचा बारीक डोळा होता. त्याच्याखालचा दिवा हिरवा झाला की तुम्ही सगळ्यांना दिसणार, असं अमरीनने सांगितलं होतं. तुम्हाला मात्र कुणी दिसणार नाही. दिवा अजून लागला नव्हता. कार्यक्रम अकराला होता आणि भिंतीवरचं घड्याळ पावणेअकरा दाखवत होतं. तिने कानांवर चढवलेले हेडफोन घट्ट होते, त्यांच्या आत बाहेरचा रस्ता बंद झाला होता, छताच्या पंख्याची घरघर बंद झाली होती, आणि उरला होता फक्त त्याचा स्वतःचा श्वास. तो नेहमीपेक्षा जलद चालला होता. इंजिन ऐकावं तसा त्याने तो थोडा वेळ ऐकला.

“हरीकाका, पाणी देऊ?” अमरीनने हेडफोनची एक वाटी बाजूला करून विचारलं.

“नको बाय.” मग थोड्या वेळाने तो म्हणाला, “हे बुरोंडीचे कोण?”

“चार जण आहेत. दापोलीतल्या कॉम्प्युटर क्लासमध्ये बसवलंय त्यांना, हर्णेवाल्यांच्या शेजारच्या मशीनवर. नावं नाही कळवली मच्छीमार सोसायटीने. का, ओळखीचे आहेत?”

“नाय. असंच.”

हरिश्चंद्र भाटकर हे त्याचं नाव मिरकरवाड्याच्या बंदरावर कुणी घेत नसे. हरीमिस्त्री म्हटलं की झालं. वय एकोणसाठ. त्यातली चोवीस वर्षं त्याने हारुन मुकादमांच्या दुकानात बोटींची इंजिनं बसवण्यात, खोलण्यात आणि पुन्हा जोडण्यात घालवली होती. दुकान माळनाक्यावर, वर्कशॉप बंदरावर. गेल्या दोन वर्षांत मुंबईचे दोन मोठे विक्रेते आपली माणसं मोटारीने बंदराबंदरांतून फिरवू लागले होते आणि हारुनभाईंच्या दुकानातली नवी इंजिनं प्लास्टिकच्या वेष्टनासकट तशीच उभी राहू लागली होती. हारुनभाई रोज सकाळी त्यांच्यावरची धूळ स्वतः पुसायचे. त्यांची मुलगी अमरीन पुण्यात पाच वर्षं नोकरी करून गेल्या पावसाळ्यात परत आली होती. एक दिवस चहाच्या वेळेला ती म्हणाली, अब्बा, आपण वेबिनार घेऊ या. हारुनभाईंनी विचारलं, हे काय असतं. तिने सांगितलं, व्याख्यानच, पण इंटरनेटवरून. बोलणारा इथे, ऐकणारे आपापल्या गावात, आणि त्यांना काही विचारायचं असलं तर तिथूनच विचारता येतं. हारुनभाई हसले. “म्हणजे माणूस दिसणार नाही, इंजिनाला हात लागणार नाही, आणि गिऱ्हाईक तुझ्या दुकानात येणार?” ती हसली नाही. “विकायचं बोलायचंच नाही, अब्बा. सांभाळायचं कसं तेवढं शिकवायचं. ज्याने शिकवलं त्याच्याकडे माणूस परत येतो. आम्ही पुण्यात शेतीचे पंप असेच विकले. हरीकाका गाडीने अकरा बंदरं करायला निघाले तर महिना जाईल, इथे तासाभरात होतील. शिवाय मालवणवाल्याने हर्णेवाल्याचा प्रश्न ऐकला की त्याला वाटतं, अरे, माझंही इंजिन असंच करतं.” हारुनभाईंनी कप खाली ठेवला आणि हरिश्चंद्रकडे पाहिलं. “काय हरीभाऊ? बोलाल काय?” हरिश्चंद्र लगेच हो म्हणाला. बापलेक दोघंही त्याच्याकडे बघत राहिले, कारण लग्नाकार्यात चार माणसांत बसला तरी हा माणूस पानसुपारीपलीकडे तोंड उघडत नसे.

तो हो का म्हणाला ते त्याने त्यांना सांगितलं नाही. माणसं दिसणार नाहीत, एवढं एकच वाक्य त्याच्या कानात शिरलं होतं. गेली नऊ वर्षं तो उत्तरेला दापोलीकडे गेला नव्हता. राजापूर, देवगड, मालवण, दक्षिणेला कुठेही म्हणा, पहाटेच्या एसटीने निघायचा. जयगड, गुहागरपर्यंतही जायचा. पण दापोलीच्या बाजूचं काम आलं की तो टाळायचा. हारुनभाईंना त्याने सांगून ठेवलं होतं की खेडपासून पुढची वळणं आपल्याला लागतात, उलट्या होतात. त्यांनी ते खरं धरलं आणि तिकडे दुसरा फिटर पाठवायला सुरुवात केली. सुरुवातीला त्याला वाटायचं, एखाद्या दिवशी ते निरखून बघतील आणि विचारतील. त्यांनी कधी विचारलं नाही. न विचारणाऱ्या माणसापुढे खोटं चालू ठेवायला फार बळ लागत नाही, पण ते रोज थोडं लागतंच, आणि नऊ वर्षांत ते किती लागलं हे त्याला आता, हेडफोनच्या आतल्या शांततेत, एकदम जाणवलं.

नव्व्याण्णव सालच्या ऑक्टोबरात बुरोंडीचा काशीराम तांडेल आपली बोट घेऊन मिरकरवाड्याला आला होता. ठेंगणा, भुवया पांढऱ्या, बोलायला लागला की दुसऱ्याच्या खांद्यावर हात ठेवणारा. बायकोलाही घेऊन आला होता, रत्नागिरी बघायची राहिली म्हणून. ती धक्क्यावर बर्फाच्या रिकाम्या खोक्यावर पिशवी मांडीत धरून बसली होती आणि हरिश्चंद्र इंजिन खोलत असताना एकही शब्द न बोलता त्याच्या हातांकडे बघत होती. इंजिन चांगलं होतं. फक्त समुद्राचं पाणी खेचून इंजिन थंड ठेवणारा जो पंप, त्यातल्या रबरी पंख्याची दोन पाती मुळाशी चिरली होती. नखाने वाकवल्यावर चीर उघडायची आणि सोडल्यावर मिटायची. तसला पंखा दुकानात नव्हता, मुंबईहून यायला आठ दिवस लागणार होते. आठ दिवस बोट बांधून ठेवायची तर काशीरामचा चेहरा बघवेना. तिकडे बांगडा लागला होता, सगळ्या बोटी भरून येत होत्या. हरिश्चंद्रने चीर परत एकदा उघडून बघितली आणि म्हणाला, “आठ दिवस चालव. सावकाश चालव. पंखा आला की कार्ड टाकतो.” काशीरामने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. खोक्यावरून उठताना ती बाई पहिल्यांदा बोलली. “होईल ना मिस्त्री नीट?” तो म्हणाला, “होईल वहिनी, काय काळजी नाय.” हे शब्द बोलताना तो चिंधीला हात पुसत होता. चिंधी निळ्या चौकटीची होती. असलं काहीतरी लक्षात राहतं आणि काशीरामच्या बोटीचं नाव, जे रंगवताना आपण पाहिलं होतं, ते आठवत नाही.

पंखा मुंबईहून आला तो पुढच्या महिन्यातल्या एका मंगळवारी. आठ दिवसांचे वीस झाले होते. शुक्रवारी मुलीचा साखरपुडा होता. घरात पाहुणे, मंडप, काशीची, म्हणजे त्याच्या बायकोची, सारखी हाक. पंख्याचं पाकीट त्याच्या कामाच्या पिशवीत पडून राहिलं. शनिवारी दुपारी पिशवीत हात घालताना ते हाताला लागलं, तेव्हा त्याने कार्ड लिहिलं आणि पेटीत टाकलं. पुढच्या गुरुवारी सकाळी वारं सुटलं. बुरोंडीच्या बाहेर काशीरामचं इंजिन तापलं आणि बंद पडलं, बोट वाहत खडकावर गेली. दोघे खलाशी पोहत बाहेर आले. काशीराम खाली इंजिनाशी होता, तो वर आला नाही. हे त्याला हर्ण्याच्या एका बोटीवाल्याने मिरकरवाड्याच्या धक्क्यावर सांगितलं, भर दुपारी, त्याच्या हातात पाना असताना. “जळल्याचा वास आला म्हणे आधी,” बोटीवाला म्हणाला. हरिश्चंद्र म्हणाला, “हूं.” आणि ज्या नटावर पाना होता तो त्याने पुरा आवळला. शनिवारी दुपारी टाकलेलं कार्ड. रविवारी पोस्ट बंद, सोमवारी रत्नागिरीतून निघेल, मंगळवारी खेड, बुधवारी दापोली, तिथून गावात, म्हणजे शुक्रवार. शुक्रवारी ते कार्ड कुणीतरी काशीरामच्या बायकोच्या हातात दिलं असेल. पंखा आला आहे, बोट घेऊन येणे. ही वारांची मोजणी त्याने इतक्या वेळा केली होती की आठवड्याचे वार त्याला आता वारांसारखे वाटतच नसत. त्यानंतर त्याने कुणाला कार्ड टाकलं नाही. एखादा सुटा भाग आला की तो एसटीडी बूथवर जाऊन गावातल्या दुकानात फोन करायचा, निरोप पोचला का म्हणून परत करायचा, संध्याकाळी परत. बंदरावर त्याची थट्टा व्हायची, की मिस्त्री वॉशर आला तरी तीनदा फोन करतो. काशीने एकदा विचारलं होतं, कार्डं मिळेनाशी झाली काय हो? तो म्हणाला, फोन बरा पडतो. आणि कुणीच, पोलिसांनी नाही, बंदर खात्याने नाही, सोसायटीने नाही, त्याला काही विचारलं नाही. वारं होतं, तांडेलाचं नशीब, एवढ्यावर सगळ्यांचं मिटलं. पंख्याचं पाकीट फळीवर राहिलं. वर निळ्या पेन्सिलीने ‘काशीराम, बुरोंडी’ असं त्याच्याच हातचं होतं. चार वर्षांनी एकदा झाडलोट करताना त्याने ते धक्क्यावरून पाण्यात सोडलं.

दिवा हिरवा झाला. अमरीनने समोरून हात हलवला. मागच्या खुर्चीत हारुनभाई गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते, मशिदीत बसावं तसे ताठ. “नमस्कार,” हरिश्चंद्र म्हणाला आणि त्याचाच आवाज त्याला हेडफोनमधून किंचित उशिरा ऐकू आला. तो आवाज त्याच्या थोरल्या भावासारखा होता, जो वारून पंधरा वर्षं झाली. “मी हरीमिस्त्री. मिरकरवाडा.” पुढे काय बोलायचं ते अमरीनने मोठ्या अक्षरांत लिहून दिलं होतं, ते त्याने बघितलंच नाही. त्याने टेबलावरचा पंप हातात घेतला, झाकणाचे चार स्क्रू काढले, आणि हात कामाला लागले तसं तोंडही लागलं. पाणी इथून येतं, इथून जातं. आत वाळू गेली तर काय होतं. सीझन संपल्यावर पंखा काढून ठेवायचा, नाहीतर पाती वाकडी होऊन बसतात. मध्ये एकदा त्याला भान आलं की आपण अकरा गावांशी बोलतो आहोत. पण गावं दिसत नव्हती, दिसत होते ते फक्त आपले हात, पडद्यावर, उजव्याचा डावा होऊन. देवगडहून कुणीतरी विचारलं, तेल किती दिवसांनी बदलायचं. जयगडहून विचारलं, धूर काळा येतो तो कशाने. प्रश्न लिहून येत होते, अमरीन वाचून दाखवत होती. जयगडच्या धुरावर मालवणचा माणूस मध्येच बोलला की आमच्याकडे पण तसंच, आणि दोघे एकमेकांना विचारायला लागले, हरिश्चंद्र मध्ये मध्ये सांगत राहिला. अमरीनने बापाकडे बघून भुवया उंचावल्या. त्याला बरं वाटत होतं. खूप दिवसांनी अंगातून काहीतरी सुरळीत वाहत होतं, आणि चाळीस मिनिटं होऊन गेली तरी सातवं नाव गप्प होतं.

“बुरोंडीहून एक प्रश्न आहे,” अमरीन म्हणाली. “त्यांना लिहायचं नाहीये, बोलायचंय. बोला, मावशी.”

आधी नुसती खरखर आली. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग एका बाईचा आवाज, माइकच्या फार जवळून. “मिस्त्री, मी येसूबाई बोलतंय. काशीराम तांडेलाची बायको.” ती थांबली. कुणीतरी तिला बोला बोला म्हणालं. “पाण्याच्या पंपाचा पंखा चिरलेला असला, नि नवीन यायचा असला, तर तोवर बोट चालवायची काय?”

हेडफोनच्या आत परत त्याचा श्वास तेवढा उरला. हातात पंखा होता, नवा, मऊ, काळा, आणि बोटं आपोआप त्याची पाती एकामागून एक वाकवून बघत होती, की कुठे चीर आहे का. पडद्यावर ती बोटं त्याला दुसऱ्या कुणाची तरी वाटली. त्याला वाटलं, लाइन तुटली असं म्हणता येईल. अमरीनने सांगितलंच होतं, मध्येच तुटते कधी कधी, घाबरायचं नाही. तिचा हात कळफलकाकडे गेला होता, तिला वाटलं असावं की आवाज गेला. वायरीचं टोक त्याच्या गुडघ्याशी होतं. नुसता पाय हलवला असता तरी पुरे झालं असतं. त्याच वेळी त्याला असंही वाटत होतं की हा प्रश्न विचारायला कुणीतरी यावं म्हणून आपण नऊ वर्षं त्या धक्क्यावर उभे आहोत.

“नाय चालवायची,” तो म्हणाला. “एक दिवस पण नाय.” मग त्याला वाटलं एवढ्यावर थांबावं, आणि तो थांबला नाही. “मी एकदा सांगितलं होतं, आठ दिवस चालव, सावकाश चालव म्हणून. दोन पाती चिरलेली मला दिसली होती. हातात धरून बघितली होती मी. ते माझं चुकलं. वारं होतं ते खरं, पण इंजिन चालू असतं तर बोट आत आली असती. सगळ्यांनी ऐका. मिस्त्री किती जुना असला तरी तो असं काय बोलला तर ऐकायचं नाय. बोट बांधून ठेवायची नि त्याला सांगायचं, पंखा आण.”

अकरा गावं, आणि प्रत्येक ठिकाणी चारसहा माणसं, सगळ्यांचं गप्प बसणं त्याच्या दोन कानांत येऊन बसलं. मागे हारुनभाई खुर्चीत पुढे झुकले होते. मग बुरोंडीहून आवाज आला. “बरं.” आणि थोड्या वेळाने, “इंजिन तेच हाय आमच्याकडं. खडकातनं काढून दुसऱ्या बोटीला बसवलंय. हल्ली ठोकतंय. एकदा येऊन बघा.” तो म्हणाला, “येतो.” अमरीनने घसा साफ केला आणि पुढचा प्रश्न वाचला, तो राजापूरच्या बाजूचा होता, बॅटरीविषयी, आणि हरिश्चंद्रने त्याचं उत्तर दिलं. काय दिलं ते त्याला नंतर आठवलं नाही. दिवा विझला तेव्हा त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. हेडफोन काढल्यावर बाहेरचा रस्ता केवढ्याने आत आला. रिक्षा, भंगारवाला, कुणाची तरी मुलं.

अमरीन खालच्या आवाजात म्हणाली, “अब्बा, हे सगळं रेकॉर्ड झालंय. उद्या सगळ्या सोसायट्यांना पाठवायचं ठरलंय. तेवढा भाग काढून टाकू का?” हारुनभाईंनी चष्मा काढून रुमालाने पुसला, परत घातला. “नको. राहू दे.” मग ते उठून टेबलाशी आले आणि हरिश्चंद्रच्या समोरच्या उघड्या पंपाचे स्क्रू एकेक करून गोळा करायला लागले. हे काम त्यांनी कधी केलं नव्हतं. “हरीभाऊ,” ते म्हणाले, “खेडच्या पुढची वळणं लागतात म्हणत होतात, ती ही काय?” हरिश्चंद्रने मान हलवली. हारुनभाई स्क्रू त्याच्या तळहातावर ठेवत म्हणाले, “तुम्ही मला सांगायचं होतं. मी तरी काय केलं असतं, पण सांगायचं होतं.” ते आपल्यावर रागावतील, दुकानाचं नाव घालवलंत म्हणतील, हे सगळं हरिश्चंद्रने धरून ठेवलं होतं. हे त्याने धरलं नव्हतं, आणि त्यामुळे ते कुठे ठेवावं हे त्याला कळेना. तो बाहेर पडवीत गेला आणि नळाखाली बराच वेळ तोंड धूत राहिला.

बुधवारपर्यंत दुकानात एकोणीस फोन आले. जयगडहून, मालवणहून, हर्ण्याहून पाच. आमच्या पंपाचं बघायला कधी येता, असं विचारत होते, आणि मिस्त्री कोण पाहिजे म्हटलं की, तो चुकलं म्हणाला तो, असं सांगत होते. अमरीनने नावं लिहून घेतली. “काका, पुण्यात आम्ही असले वीसेक कार्यक्रम केले,” ती म्हणाली, “एवढे फोन कधीच आले नाहीत.” ती एवढंच बोलली आणि मग तिला स्वतःचीच लाज वाटल्यासारखी ती खाली बघून वही चाळायला लागली. हारुनभाई म्हणाले, गाडी घेऊन जा, ड्रायव्हर देतो. हरिश्चंद्र म्हणाला, एसटीनेच जातो. निघताना काशीने डबा दिला, तेव्हा त्याने तिला सांगितलं, सगळं, दारात उभ्या उभ्या, पाच मिनिटांत. ती म्हणाली, “साखरपुड्याच्या दिवसांत मीच तुम्हाला सारखी हाक मारत होतंय.” तो म्हणाला, तसं नाय गं. ती म्हणाली, डबा सरळ धरा, तेल सांडेल.

खेड सुटलं आणि वळणं सुरू झाली. पहिल्या पाचसहा वळणांना काही वाटलं नाही. मग खरोखरच त्याच्या पोटातून उसळून आलं, त्याने कंडक्टरला हात केला, गाडी थांबली आणि रस्त्याच्या कडेला, लाल कातळावर, वाळलेल्या गवतात तो ओकला. नऊ वर्षं सांगितलेली गोष्ट शेवटी खरी झाली याचं त्याला हसू आलं. कंडक्टरने खिडकीतून पाण्याची बाटली दिली. दापोलीला उतरून त्याने बुरोंडीची गाडी पकडली तेव्हा अंगातून सगळं रिकामं झाल्यासारखं, हलकं वाटत होतं. उतरल्यावर त्याला घर विचारावं लागलं नाही. येसूबाई रस्त्यावर येऊन उभी होती, पायांत रबरी चपला, कमरेला पदर खोचलेला. केस पांढरे झाले होते. “चला,” ती म्हणाली, “ओहोटी हाय, बोट वाळूवर बसलीय.” काशीरामचा धाकटा भाऊ आप्पा आता तांडेल होता, बोट तोच चालवायचा. त्याने हात जोडले आणि तो शिडी धरून उभा राहिला.

बोटीच्या पोटात उतरल्यावर त्याला इंजिन ओळखू आलं. एका बाजूला खडकावर आपटल्याची खोक होती, तिच्यावर रंग मारला होता. त्याने सवयीने आधी पाण्याच्या पंपाला हात घातला, झाकण काढलं. आतला पंखा नवा होता. पाती मऊ, कडा शाबूत, बसवताना लावलेलं वंगणही नीट पुसलेलं. “हा कुणी बसवला?” त्याने विचारलं. येसूबाई शिडीवर बसली होती. “मी. गणपतीनंतर एकदा नि शिमग्याआधी एकदा. खराब होऊ दे नायतर न होऊ दे.” तो तिच्याकडे बघत राहिला. “मग त्या दिवशी विचारलंत कशाला? उत्तर तुम्हाला ठाऊक होतं.”

“तुम्हाला ठाऊक हाय काय ते बघायचं होतं.”

त्याने पंखा परत जागेवर बसवला. झाकणाचा पहिला स्क्रू हातातून निसटून खाली पडला, तो शोधताना, चेहरा वर न करता, तो म्हणाला, “वहिनी, पंखा मंगळवारीच आला होता. मी चार दिवस पिशवीत ठेवला. घरात मुलीचा साखरपुडा होता. कार्ड शनिवारी टाकलं. ते तुम्हाला शुक्रवारी मिळालं असेल. दुसऱ्या दिवशी.”

“बुधवारी आलं,” ती म्हणाली.

“कुठलं?”

“तुमचं कार्ड. बुधवारी आलं, आदल्या दिवशी. मीच वाचून दाखवलं त्यांना.”

“नाय,” तो म्हणाला. “शनिवारी टाकलं होतं. रविवारी पोस्ट बंद. मंगळवारी ते खेडला असणार. बुधवारी कसं येईल?”

“आलं खरं. मी दापोलीच्या बाजारातनं आले, तेव्हा दाराच्या फटीत होतं. हे जेवत होते.”

“वार चुकत असेल तुमचा.” तो आता स्क्रू शोधायचा थांबला होता. “शुक्रवार असेल. दुखवट्याच्या गडबडीत तुम्हाला वाटलं असेल…”

“मिस्त्री,” ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात पहिल्यांदाच थोडा राग होता, “तुम्हाला ते शुक्रवारीच यायला हवंय काय?”

तो इंजिनाच्या चौकटीवर बसला. वर फळ्यांच्या फटीतून ऊन पडलं होतं आणि त्यात बारीक धूळ हलत होती. ती बोलत होती, सावकाश, त्याच्याकडे न बघता. “वाचून दाखवलं तर म्हणाले, उद्याचा दिवस मारतो नि परवा रत्नागिरीला जातो. मी पण अडवलं नाय. बांगडा लागला होता. शेजारच्या सगळ्या बोटी जात होत्या. मी म्हटलं, येताना समीने सांगितलेली बाहुली आणा रत्नागिरीतनं.” समी तिची धाकटी मुलगी असावी. “तुम्ही मंगळवारी टाकलं असतं तर ते शनिवारी आलं असतं, हे मला कळतंय. तेव्हा पण बांगडाच होता.” तिने चपलेला लागलेली वाळू झटकली. “चुकलं तुमचं, ते तुम्ही सगळ्यांसमोर बोललात. मी ऐकलं. आप्पाने ऐकलं. पण सगळंच्या सगळं तुम्ही एकट्याने नेऊन ठेवलंत रत्नागिरीला, नि इकडं फिरकलाच नाय. आम्ही दोनदा निरोप धाडला इंजिन बघायला या म्हणून. मला वाटायचं, मिस्त्रीला आमची आठवण पण नसेल.”

“रोज होती,” तो म्हणाला.

तिने पदराने नाक पुसलं आणि आप्पाला हाक मारून चहा आणायला सांगितलं. चहा आला तो जर्मनच्या टोपात, आलं घातलेला, फार गोड. तिघे बोटीतच बसून प्यायले. मग त्याने आप्पाला इंजिन चालू करायला सांगितलं, थोडाच वेळ, बोट वाळूवर होती म्हणून. आणि आवाज कानाला लागताच त्याचं सगळं लक्ष तिकडे गेलं. ठोका दुसऱ्या सिलिंडरमध्ये होता, खालून, जड. बेअरिंग गेलं असणार. बंद करा, तो म्हणाला. त्याने शर्ट काढून खिळ्याला अडकवला, पिशवीतून पाने काढून फळीवर आकारमानाने मांडले, आणि खालच्या झाकणाचे बोल्ट सैल करायला लागला. येसूबाई वरून बघत होती. जुना बोल्ट सुटता सुटेना, तेव्हा तिने न सांगता डिझेलची बाटली पुढे केली. झाकण निघालं. काळं तेल परातीत उतरलं. त्याने हात आत घातला आणि बोटांनी चाचपून बघितलं, तेव्हा गाळात धातूचे बारीक कण लागले.

रस्त्यावरून दोनदा हॉर्न वाजला. “साडेचारची दापोलीची गाडी,” येसूबाई म्हणाली. “शेवटची हाय. तुमची जाईल मिस्त्री.”

“जाऊ दे,” तो म्हणाला. त्याचा हात अजून इंजिनाच्या आत होता. “हे खुलं टाकून कसा जाऊ? सतरा नंबरचा पाना द्या बघू, तो उजवीकडचा.”

ती शिडी उतरून खाली आली आणि तिने पाना दिला.